बैलाचे देणे : दया, कृतज्ञता आणि न्याय

माळशिरस तालुक्यातील माणसाला बैलाची ओळख करून देण्याचे काही कारण नाही. आषाढात श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी धर्मपुरीच्या बाजूने ह्या तालुक्यात उतरते. नातेपुते, पुरंदावडे, माळशिरस, खुडूस, वेळापूर अशी ती पंढरीकडे जाते, आणि तिचा रथ ओढण्याचा मान ज्या बैलजोडीला मिळालेला असतो तिच्यापुढे लोक माथा टेकतात. श्रीतुकाराममहाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. तिच्याही रथाला बैलच असतात. रिंगणात अश्व धावून गेला म्हणजे त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झुंबड उडते. पुढे चार महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, ह्याच मुलखात बैलांची दुसरी रांग चालू लागते. ती उसाच्या गाड्यांची. तिच्यातील बैलांच्या गळ्यांत हार नसतात, मानेवर जू असते. आणि त्या मानेकडे पाहण्यास कोणाला फारशी सवडही नसते.

दोन्ही रांगांतील प्राणी एकच. वेदना होण्याची शक्तीही दोघांना सारखीच. मग एकास पूजा आणि दुसऱ्यास पराणी, हे कसे? आपण प्राण्यांवर प्रेम करतो की नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न नव्हे. प्रेम करणारी माणसे ह्या तालुक्यात घरोघर आहेत. प्रश्न आहे तो देण्याचा : ज्या जनावराच्या श्रमावर आपण जगतो त्याचे आपण काही देणे लागतो काय, आणि लागत असलो तर ते देणे दयेचे आहे, कृतज्ञतेचे आहे की न्यायाचे? हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तेथेच घोटाळा होतो. दया ही देणाऱ्याच्या मनाची थोरवी आहे. ती केली तर पुण्य, न केली तर कोणी जाब विचारत नाही. कृतज्ञता ही मिळालेल्या उपकाराची आठवण आहे. ती वर्षातून एका दिवशीही भागविता येते. न्याय मात्र रोजचा असतो. तो न केल्यास जाब द्यावा लागतो.

परंपरेने काय दिले

आपल्या परंपरेने भूतदयेचा वारसा दिला आहे, हे निःसंशय. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या व जनावरांच्या, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे सांगितले आहे. त्याच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथेही सापडले आहेत. नाथांनी रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिती केली, नामदेव पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ह्या कथा वारीच्या वाटेवर मुलांनाही ठाऊक असतात. ह्या कथांचा ऐतिहासिक पुरावा शोधणे व्यर्थ आहे. समाजाने त्या शेकडो वर्षे जपल्या, हाच त्यांचा पुरावा. गाडगेमहाराजांनी तर विसाव्या शतकात, जत्रांतून देवापुढे पडणाऱ्या बकऱ्या-कोंबड्यांच्या बळींविरुद्ध कीर्तनांतून उभा महाराष्ट्र जागविला.

मुंबईचा एक प्रसंगही येथे नमूद करण्यासारखा आहे. १८३२ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी व इतर लोकांनी तिला कडवा विरोध केला आणि शहरात दंगा उसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ निघाले. धर्माने भिन्न असलेली माणसे मुक्या प्राण्यांसाठी एकत्र येतात, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ह्या सर्व वारशाचे स्वरूप बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. नाथांचे गाढव हे वाटेत भेटलेले गाढव आहे. ते नाथांचे ओझे वाहत नव्हते. नामदेवांचे कुत्रे नामदेवांच्या चाकरीला नव्हते. पांजरपोळातील गाय ही बहुधा दुसऱ्या कोणीतरी टाकून दिलेली गाय असते. म्हणजे आपली भूतदया जे प्राणी आपल्या कामाचे नाहीत त्यांच्याविषयी सहज जागी होते. जो प्राणी आपल्या कामात जुंपलेला आहे, ज्याच्या श्रमाचे रुपयांत रूपांतर होते, त्याच्याविषयी तिचा आवाज एकदम बारीक होतो. जेथे हितसंबंध नसतो तेथे दया स्वस्त असते; जेथे हितसंबंध असतो तेथे दया पुरत नाही, न्याय लागतो.

वेदनेचा प्रश्न

पाश्चात्त्य विचारवंतांनी ह्या प्रश्नाचा खल निराळ्या वाटेने केला. सतराव्या शतकात देकार्तने प्राणी म्हणजे एक प्रकारची यंत्रे, असे मत मांडले. कांटने प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य प्रत्यक्ष मानले नाही. जो जनावरांशी क्रूरपणे वागतो तो माणसांशीही क्रूर होण्याचा संभव असतो, म्हणून क्रौर्य टाळावे, इतकेच त्याचे म्हणणे. ह्या मतांना खरा धक्का दिला तो इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅमने. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या एका तळटीपेत त्याने असा मुद्दा मांडला की, प्राणी विचार करू शकतात की नाही, बोलू शकतात की नाही, हे प्रश्न गैरलागू आहेत. त्यांना यातना होतात की नाही, एवढाच प्रश्न खरा. ह्याच धाग्याने पुढे ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर ह्याने १९७५ साली प्राण्यांच्या मुक्तीवरील आपला ग्रंथ लिहिला आणि जगभर नव्याने वाद सुरू झाला.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेण्यात येतो. हक्क आणि कर्तव्य ही जोडीने नांदतात; बैलाला कर्तव्य कळत नाही, मग त्याला हक्क कसला? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु पाळण्यातल्या मुलालाही कर्तव्य कळत नाही, आणि तरीही त्याच्या हक्कांचे रक्षण आपण अधिक काटेकोरपणे करतो. अज्ञान मुलाच्या मिळकतीवर न्यायालय पालक नेमते व त्या पालकाकडून पैपैचा हिशेब मागते. का? तर अज्ञानाला स्वतः हिशेब मागता येत नाही म्हणून. बैलाची स्थिती ह्याहून वेगळी नाही. त्याने आपल्याशी करार केलेला नाही. मजुरी ठरवून घेतलेली नाही. काम सोडून जाण्याची त्याला मुभा नाही, वेसण आहे. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडून काम घेणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. मालकी म्हणजे विश्वस्तपण, ही गांधीजींची कल्पना धनिकांस लागू करावी की नाही ह्याविषयी वाद होऊ शकेल. गोठ्याच्या धन्याला तरी ती लागू आहेच.

बैलाला कामास लावूच नये, असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्या शेतकऱ्याचे पोट जनावरावर अवलंबून आहे त्याला शहरातील माणसाने, दूध-साखरेचा चहा पीत, असा उपदेश करणे हास्यास्पद होईल. काम घेण्यात अन्याय नाही. कामाला मर्यादा नसण्यात, मोबदल्यात पोटभर वैरण-पाणी व विश्रांती नसण्यात आणि काम संपताच पाठ फिरविण्यात अन्याय आहे.

कायद्याची वाटचाल

कायद्याने हा विचार हळूहळू स्वीकारला. इंग्लंडात गुराढोरांवरील क्रौर्याविरुद्ध पहिला कायदा १८२२ साली झाला. हिंदुस्थानात १८९० चा अकरावा कायदा आला. त्याचा रोख मुख्यतः रस्त्यावर, सार्वजनिक जागी किंवा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी होणाऱ्या क्रौर्यावर होता. ह्यात एक अर्थ दडलेला आहे. बैलाला लागते ह्यापेक्षा पाहणाऱ्याला वाईट वाटते, हे त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे अधिक होते. गोठ्याचे दार लावले की कायदा बाहेर राही.

स्वातंत्र्यानंतर सुप्रसिद्ध नर्तकी आणि राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी ह्याविषयी खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा करील, असे पंडित नेहरूंनी आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्यातून १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा निर्माण झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले व त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच झाल्या. ह्या कायद्याने दृष्टी बदलली. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याच्या हितासाठी सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत, असे कर्तव्यच त्याने सांगितले. मारणे, अतिश्रम करविणे, अतिभार लादणे, उपाशी ठेवणे, वाऱ्यावर सोडणे हे सर्व गुन्हे ठरले. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी अनुकंपा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत आले.

मात्र ह्या कायद्याचा दंड पाहावा. पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये! १९६० साली पन्नास रुपयांना काही वजन होते. पुढे रुपया घसरत गेला आणि दंड दशकानुदशके जागच्या जागी राहिला. शिवाय कायद्याचा सारा भर 'अनावश्यक' वेदनेवर आहे. कोणती वेदना आवश्यक आणि कोणती अनावश्यक हे ठरविणार कोण? बैलाला विचारता येत नाही. म्हणजे ठरविणारा तोच, ज्याला त्या वेदनेपासून लाभ आहे. न्यायाची खरी परीक्षा येथेच होते.

उसाच्या गाडीचा हिशेब

ह्या तालुक्याचा बराच भाग नीरा उजव्या कालव्याने हिरवा झाला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात माळीनगरला साखर कारखाना उभारला. पुढे अकलूज व सदाशिवनगर येथे सहकारी कारखाने आले. माळरानावर ऊस आला, ऊस आला म्हणून साखर आली, साखर आली म्हणून शाळा-महाविद्यालये आली. ह्या भाग्योदयाच्या इतिहासात कालवा आहे, सहकार आहे, नेते आहेत. परंतु उसाची पहिली कांडी ज्याने कारखान्यापर्यंत ओढून नेली त्या बैलाचे नाव त्यात सहसा येत नाही. आजही, ट्रक आणि ट्रॅक्टर आल्यानंतरही, हंगामात बैलगाड्या दिसतातच.

दोनचाकी गाडीचे शास्त्र थोडक्यात समजून घेतले पाहिजे. गाडीचा भार चाकांवर तोलून बसला तर बैलाला केवळ ओढावे लागते. भार आसाच्या पुढे सरकला की त्याचा काही भाग जुवातून थेट मानेवर येतो. मागे सरकला की जू वर उचलले जाते आणि जोते गळ्यात रुतते. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येते, तेव्हा ती मानेनेच थोपवावी लागते, कारण बहुतेक गाड्यांना नीटसा ब्रेक नसतो. गाडीत उंच रचलेल्या उसाच्या मोळ्या खाचखळग्यांत पुढेमागे झुलतात आणि प्रत्येक हिसका दोन मानांना मिळतो. टायरची गाडी आल्यापासून ओढणे हलके झाले हे खरे. पण ओढणे हलके झाले म्हणून बैलाला विसावा मिळाला नाही, गाडीत ऊस अधिक भरला गेला. सुधारणेचा लाभ भाराने गिळला. मानेवरील कातडी घासून, सुजून जी खांदेसूज होते ती काही दैवी आपत्ती नव्हे. ती वाईट जुवाची, ओल्या जखमेवर पुन्हा जुंपण्याची आणि अतिभाराची खूण आहे.

१९६५ साली, ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने नियम केले. ते गावोगाव चावडीवर लावण्यासारखे आहेत. जनावराच्या आकारमानानुसार व चाकांच्या प्रकारानुसार भाराची मर्यादा त्यांत ठरविलेली आहे. लांब व उभा चढ असेल तेथे ती निम्म्यावर येते. दिवसाकाठी एकूण नऊ तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक नाही. उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही. काम संपल्यावर जनावर जुंपून ठेवता येत नाही. काटेरी साज वापरता येत नाही. आता सोलापूर जिल्ह्याचा फाल्गुन-चैत्र आठवावा. पारा सदतीसच्या खाली राहण्याचे दिवस थोडे. हंगाम लांबला की हा नियम रोजच मोडतो, आणि तो मोडतो हे गाडी भरणाऱ्यापासून काट्यावर वजन टिपणाऱ्यापर्यंत कोणाच्या गावीही नसते.

वैरणीचेही असेच. ऊसतोडीच्या दिवसांत बैलांचे पोट मुख्यतः उसाच्या वाढ्यांवर भरते. वाढे फुकट मिळते, हिरवे दिसते, बैल आवडीने खातो. परंतु वाढ्यात ऑक्झॅलेट हे द्रव्य पुष्कळ असते. ते शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि दीर्घकाळ नुसत्या वाढ्यावर ठेवलेले जनावर खंगत जाते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, त्याबरोबर कडबा वा अन्य चारा द्यावा, असे पशुवैद्य सांगतात. उपाय स्वस्त आहे. पण जेथे माणसालाच दोन भाकरी धड मिळत नाहीत तेथे बैलाच्या कडब्याची चैन कोण करणार? कारखान्यात उसाची मोळी जेथे टाकतात त्या जागेलाही आपण गव्हाण म्हणतो. यंत्राची गव्हाण एक दिवस रिकामी राहिली तर नुकसानीचे आकडे ताबडतोब निघतात. बैलाच्या गव्हाणीचा आकडा कोणी मांडीत नाही.

दोष कोणाचा?

हे वाचून कोणी म्हणेल, गाडीवान निर्दय आहेत. हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचा आहे. गाडीवान हा बीडकडून किंवा अशाच कोरडवाहू मुलखातून नवराबायकोच्या जोडीने आलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल त्याच्या डोक्यावर असते. त्याला मजुरी मिळते ती टनावर. रात्री-अपरात्री भरणी, मग रस्ता, मग कारखान्याच्या आवारात काट्यासाठी ताटकळणे. खेप वाढविणे त्याच्या हाती नसते; खेपेतील भार वाढविणे तेवढे हाती असते. अशा माणसाला दर टनाचा दर कमी ठेवून 'भार कमी घाल' असे सांगणे म्हणजे 'तू उपाशी राहा, बैलाला जगव' असे सांगणे होय. त्याच्या हातातला चाबूक त्याच्यावरही चालतच असतो. बैल मेला तर त्याची निम्मी मिळकत जाते. तेव्हा बैलावर त्याचा जीव नाही असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

म्हणूनच जबाबदारीची साखळी शेवटच्या कडीपाशी तोडून चालणार नाही. गाडीवानाच्या मागे मुकादम, मुकादमाच्या मागे कारखाना, कारखान्याच्या मागे उसाचा सभासद-मालक आणि सर्वांच्या मागे चहात साखर ढवळणारे आपण. बैलाला न्याय द्यावयाचा तर तो दरपत्रकात द्यावा लागेल. भाराची मर्यादा भरणीच्या जागीच पाळली जाईल आणि त्यामुळे गाडीवानाची मिळकत घटणार नाही, असा दर ठरला पाहिजे. गाड्यांना वेळ नेमून बोलावल्यास आवारातील ताटकळणे कमी होईल. आवारात सावली, पाण्याचे हौद आणि हंगामभर पशुवैद्य असावा. ह्यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही.

यंत्रविद्येचेही साहाय्य घेता येते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी ह्यांनी बैलगाडीची सुधारणा हे आपल्या आयुष्याचे एक मोठे कार्य मानले. देशाची एवढी वाहतूक ज्या प्राण्यावर चालते त्याच्या जुवाकडे विज्ञानाने पाहिलेच नाही, अशी त्यांची तक्रार असे. अलीकडे, २०२२ साली, इस्लामपूरजवळच्या साखराळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी गाडीच्या पुढील बाजूस फिरत्या चाकाचा आधार बसविला, म्हणजे मानेवर येणारा भार जमिनीवर उतरतो. कल्पना इतकी साधी आहे की शेकडो वर्षे ती कोणाला का सुचली नाही, असे वाटावे. बैलाची मान दुखत होती, आपली नव्हती, हेच त्याचे उत्तर.

थकलेल्या बैलाचे काय?

आता अधिक अवघड प्रश्न. बैल थकला, म्हणजे काय करावे? पूर्वी शेतकरी तो बाजारात विकी. पुढे त्याचे काय होते हे त्याला ठाऊक असे. पण ते न पाहण्याची सोय बाजारात होती. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू ह्यांच्याही कत्तलीस बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ही बंदी वैध ठरविली.

ह्या विषयावर महाराष्ट्रात दोन थोर मते झाली. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे. तिची जोपासना उपयुक्ततेच्या दृष्टीने करावी, असे सावरकरांनी निर्भीडपणे सांगितले. विनोबांनी गोवंशरक्षण हे भारतीय संस्कृतीचे व शेतीचे मूळ मानले आणि त्यांच्या प्रेरणेने १९८२ साली देवनारच्या कत्तलखान्यापुढे सत्याग्रह सुरू झाला. दोघांचा आदर राखून म्हणावेसे वाटते की, प्रस्तुत प्रश्न ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी निसटतो. उपयुक्तता हीच कसोटी मानली तर उपयोग संपताच देणेही संपते. मग वर्षानुवर्षे ओढलेल्या ओझ्याचे काय? उलट, पावित्र्य हीच कसोटी मानली तर मारण्यास बंदी होते, परंतु जगविण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. सुरी टळते आणि उपासमार उरते. बाजारात किंमत नाही, गोठ्यात वैरण नाही, असा बैल रात्री कोठेतरी नेऊन सोडला जातो. असे सोडणे १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने रोजची पेंडी कोठून आणावी, ह्याचे उत्तर तो कायदा देत नाही.

येथे न्यायाचे सूत्र स्पष्ट आहे : जो नियम मागतो त्याने त्याच्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे. समाजाला थकलेला बैल जिवंत हवा असेल तर त्याची वैरण समाजाने दिली पाहिजे. हे अव्यवहार्य म्हणावे तर दुष्काळातील चारा छावण्या आठवाव्यात. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी फाउंडेशनने मोठी छावणी चालविली. जनावरांबरोबर माणसेही तेथे महिनोन्महिने राहिली. सरकारनेही दर जनावरामागे दररोजचे अनुदान देऊन ठिकठिकाणी छावण्या उघडल्या. म्हणजे समाजाने मनावर घेतले तर ही गोष्ट होऊ शकते. दुष्काळात जे धन वाचवावयाचे म्हणून केले, ते सुकाळात ऋण फेडावयाचे म्हणून का होऊ नये?

आणि ज्यांच्याविषयी कोणी बोलतच नाही अशांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. संकरित गाईचे गोऱ्हे आणि म्हशीचे टोणगे रेडकू ह्यांना ना ओढकाम, ना दूध. पुष्कळ ठिकाणी त्यांना आईचे दूधच नीट मिळू दिले जात नाही, आणि ती मरतात. ह्या मरणास सुरी लागत नाही, म्हणून कायदा जागा होत नाही. आवाज होत नाही, म्हणून आपणही जागे होत नाही. दुधाच्या पेल्यामागे हा हिशेब आहे. मादी वासरेच अधिक जन्मावीत ह्यासाठी निवडक वीर्याची सोय आता झाली आहे. तिचा प्रसार हा केवळ नफ्याचा नव्हे, नीतीचाही विषय आहे.

शर्यतीचा वाद

बैलगाडा शर्यतींविषयी थोडेसे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलांच्या शर्यती बेकायदा ठरविल्या. त्या निकालात भूक-तहान, भीती, वेदना आदींपासून प्राण्यांना मुक्तता हवी, हे तत्त्व न्यायालयाने आधाराला घेतले. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अंतरिम मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. प्राण्यांना मूलभूत हक्क देण्याची वाट मात्र न्यायालयाने धरली नाही.

ह्या वादात एका बाजूस परंपरा व दुसऱ्या बाजूस प्राणिप्रेम अशी फळी पडली. शर्यतीच्या खोंडाला त्याचा मालक मुलासारखा खुराक देतो, हे खरे आहे. परंतु प्रश्न खुराकाचा नसून धावण्याच्या त्या काही क्षणांत शेपटी पिरगाळणे, टोचणे, विजेचा झटका देणे ह्या गोष्टी होतात की नाहीत, हा आहे. नियमांनी त्यांस मनाई आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम पोलिसांचे जितके, तितकेच घाटावर टाळ्या वाजविणाऱ्यांचेही आहे. आणि शर्यतीवर इतकी वर्षे वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी उसाच्या गाडीविषयी ह्याच्या शतांश जरी बोलायचे ठरविले असते, तरी कितीतरी बैलांच्या माना वाचल्या असत्या.

तीन कसोट्या

ह्या सर्व विवेचनातून व्यवहारासाठी तीन कसोट्या हाती येतात. पहिली : जनावराला होणारी ही वेदना टाळण्याचा स्वस्त उपाय उपलब्ध आहे काय? असेल तर ती वेदना 'आवश्यक' म्हणता येत नाही. आणि चुन्याची निवळी, चांगले जू, पुढचे चाक, दुपारचा विसावा हे उपाय स्वस्त आहेत. दुसरी : ह्या वेदनेचा लाभ ज्याला होतो तोच तिची आवश्यकता ठरवीत आहे काय? तसे असेल तर निर्णय त्याच्या हातून काढून नियमाच्या हाती दिला पाहिजे. तिसरी : नियमाचा भार ज्याच्यावर पडतो तो आधीच दुबळा आहे काय? असेल तर खर्च वाटून घेतला पाहिजे. एरवी बैलाच्या न्यायासाठी माणसावर अन्याय होईल, आणि असा न्याय फार दिवस टिकत नाही.

कोठे बेंदूर तर कोठे पोळा म्हणून जो सण आपण पाळतो, त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करण्याची चाल आहे. हळद आणि लोणी किंवा तूप लावून बैलाचे खांदे चोळतात. ज्याने कोणी ही चाल पाडली त्याला बैलाचे दुखणे नेमके कोठे असते, हे ठाऊक होते. शिंगांना रंग लावण्याआधी त्याने मानेला हात लावावयास सांगितले. ती कृतज्ञता आहे आणि ती सुंदर आहे. परंतु ज्या खांद्याला वर्षातून एक दिवस लोणी लागते त्याच खांद्यावर उरलेले दिवस किती भार पडावा, हे ठरविणे कृतज्ञतेच्या हाती नाही. ते ग्रामसभेच्या, कारखान्याच्या सर्वसाधारण सभेच्या आणि दरपत्रकावर सही करणाऱ्यांच्या हाती आहे. त्या सभांना बैल येऊ शकत नाही; त्याच्या वतीने एका तरी सभासदाने उभे राहून हा विषय मांडावा.